मीठवालीचा शेवटचा भाग

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

शी! नीरजचं तोंड बघायची इच्छा उरली नाही. पण तो ऑफिसात माझ्या समोरच्याच टेबलावर बसतो, बघावंच लागतं. आज डबा उघडता उघडता कुठल्याशा खुनाच्या मालिकेबद्दल म्हणतो, "नीलम मॅडम, मैंने तो पूरा सीझन निपटा दिया. डेढ़ की स्पीड पे."

निपटा दिया! तुंबलेल्या फायली असाव्यात तसं. आणि वर म्हणतो, "लास्ट एपिसोड में तो बस आखिर के पाँच मिनट देखे, बाकी भगा दिया." सबंध सीझन ज्या भागासाठी जीव टांगून बसायचं तोच भाग हा माणूस पळवतो. मी विचारलं, मग देखते क्यों हो? म्हणे, "बात करने के लिए, मॅडम." मी डबा बंद केला. ह्या लोकांबरोबर एका खोलीत बसून जेवते मी!

१५ नोव्हेंबर, शनिवार

आजचा भाग झाला. आता तीनच राहिले.

शनिवारी दुपारी जेवणं आटोपली की समाधान आत जाऊन झोपतो. नवरा तसा गुणी आहे, फक्त पडद्यावर माणसं बोलायला लागली की ह्याचे डोळे मिटतात. मग मी आणि आई. आई दिवाणावर, पाठीला दोन उश्या. मी खाली चटईवर, टीव्हीच्या अगदी पुढ्यात. मालिका कोरियन, खाली इंग्रजी पाट्या येतात, आणि मी त्या आईला मराठीत मोठ्याने सांगते. बाबा गेले त्या हिवाळ्यात आई अकोल्याहून इथे दिल्लीला माझ्याकडे आली, 'थोडे दिवस' म्हणून. तेव्हापासून आमचं हे चाललंय.

हिंदी डबिंग आहे की. एकदा लावलं होतं. समुद्रातल्या बेटावरची म्हातारी चांदणी चौकात साडीचा भाव करावा तशी बोलत होती. बंद केलं. आई म्हणाली, "तू सांगतेस तेच बरं. हिंदीत ती बाई आपली वाटत नाही."

मालिकेचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, आम्ही तिला 'मीठवाली' म्हणतो. बेटावर एकट्या म्हातारीचं मिठागर. नवरा समुद्रात गेला तो आलाच नाही. शहरातला मुलगा मागे लागलाय, विकून टाक आणि माझ्याकडे ये. हा तिसरा सीझन, हाच शेवटचा. विकते की नाही, एवढाच प्रश्न.

आणि नेमका मध्येच संघपालचा पुण्याहून फोन! माझा धाकटा भाऊ. आईने स्पीकरवर टाकला. "आई, अकोल्याच्या घराला चांगलं गिऱ्हाईक आलंय. तू आता ताईकडेच राहणार असशील तर घर ठेवून करायचं काय? एकदा काय ते सांग."

आई म्हणाली, "मीठवालीचा शेवट होऊ दे. ती काय करते ते बघते, मग सांगते."

"ताई, ही मस्करी करतेय ना?" संघपाल.

मस्करी नव्हती. मी ओळखते तिला.

इथे लिहायला हरकत नाही – मला आई इथेच हवी आहे. कुणाला सांगितलेलं नाही, तिला तर नाहीच. मी 'राहा' म्हटलं की ती राहील, आणि मग आयुष्यभर माझ्यासाठी राहिली असं होईल. तिचं तिने ठरवावं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हवा इतकी घाण आहे की जिभेला कळते. आई सकाळभर खोकली. अकोल्यात तिला हा खोकला नव्हता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आजचा भाग चांगला होता. म्हातारीने मुलाला पोस्टाने मीठ पाठवलं आणि त्याच्या बायकोने ते रस्त्यावरच्या बर्फावर टाकलं. आई उठून पाणी प्यायला गेली. रागावली की जाते.

मग बाबांचा विषय निघाला. बाबांचं नाव दादाराव, सिंचन खात्यात कारकून. अकोल्यात आम्हाला महिन्यातून एकदा सिनेमाला न्यायचे, आणि सिनेमा संपायच्या आधी उठवायचे! का? तर नंतर सायकल स्टँडवर गर्दी होते. नायक दरीच्या टोकाला लटकलाय आणि आम्ही लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत बाहेर. मी रडायचे, संघपाल रडायचा. बाबा म्हणायचे, "शेवट काय, गोडच असतो. चला." सगळं लहानपण असं बिनशेवटाचं गेलं. दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणी शेवट सांगायच्या आणि मी 'हो, बघितलाय ना' म्हणायचे.

म्हणून मला शेवटचे भाग लागतात. भूक लागावी तसे. मधले भाग कुणीही करेल – एक खून, एक लफडं, एक कोर्ट. शेवटच्या भागात माणूस उघडा पडतो. लिहिणाऱ्याला आपल्या माणसांवर खरंच जीव होता का, तिथे कळतं. मीठवालीच्या पहिल्या सीझनच्या शेवटी रिकामी होडी किनाऱ्याला लागते; म्हातारी ती बघते, घरी येते आणि जेवायला दोन वाट्या मांडते. संपलं! दुसऱ्याच्या शेवटी वादळात सगळं मीठ वाहून जातं आणि ती नुसतं अंगण झाडत राहते. कितीतरी वेळ. एक शब्द नाही. मला काही सांगावंच लागलं नाही. नंतर आईने उठून आमचा हॉल झाडला, सकाळीच झाडलेला असून. असे शेवट हजारात एक. बाकी सगळा उकिरडा.

घरात नियम एकच – पुढे जाऊन कुणी बघायचं नाही. समाधानलासुद्धा बजावलंय, तो तर बघतच नाही. पुढे बघणाऱ्याला ह्या घरात थारा नाही!

२६ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसात संविधान दिन. उद्देशिका सगळ्यांनी मिळून वाचली, बरं वाटलं. पुढच्याच क्षणी नीरज जवळ आला. "मॅडम, आपकी कोरियन अम्मा का एंड किसी ने लीक कर दिया है, बताऊँ?"

मी कानांत बोटं घातली. भर कॉरिडॉरमध्ये. अंडर सेक्रेटरी समोरून गेले, त्यांनी बघितलं. सेक्शन ऑफिसर बाईला हे शोभत नाही. तरी बोटं काढली नाहीत.

२९ नोव्हेंबर, शनिवार

शेवटून दुसरा भाग. म्हातारी मुलाचं शहरातलं घर बघायला जाते. पंचविसावा मजला. ती लिफ्टमध्ये डोळे मिटून उभी राहते, आणि दार उघडल्यावर तिचा नातू पळत येऊन तिला मिठी मारतो.

आई म्हणाली, "घर चांगलं आहे वं मुलाचं."

मला एकदम आशा वाटली. मग जरा वेळाने ती म्हणाली, "चंद्रप्रभेनं जांभळीला पाणी घातलं असेल का?" चंद्रप्रभाबाई अकोल्याच्या शेजारी. घराची किल्ली त्यांच्याकडे असते. जांभूळ बाबांनी लावलेलं. आता एवढ्या मोठ्या झाडाला कोण पाणी घालतं?

संध्याकाळी तिला घेऊन मुनिरकाला भाजीला गेले. गर्दीत ती माझ्या दंडाला धरून चालते. तिथला भाजीवाला आता तिला ओळखतो, 'अम्मा' म्हणून दोन मिरच्या जास्त टाकतो. मी मनात म्हटलं, इथे तुझं कुणीच नाही असं थोडंच आहे!

इशिता घरी आल्यावर विचारते, "मम्मी, आजी परमनंट राहणार ना यार?" पोरीला विचारता येतं. मला येत नाही.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज शेवटचा भाग आला. दिवसभर मोबाईलचं नेट बंद ठेवलं. नीरजशी एक शब्द बोलले नाही. ओरिजिनलबरोबर हिंदी डबिंगही आजच टाकलंय म्हणे. म्हणजे आता डेढ़ की स्पीडवाले सुटतील मोकाट.

घरी आले तर आजी-नात बाल्कनीत, एका शालीत, कानात इअरफोनचं एकेक बोंड. मला बघून इशिताने मोबाईल उलटा ठेवला. प्री-बोर्ड तोंडावर आलीय आणि बाईसाहेबांची गाणी चालू! उद्या सहा डिसेंबर, आजीला भीमगीतं ऐकवत असेल म्हणून कमीच ओरडले. आईचे डोळे लाल होते. ही हवा!

६ डिसेंबर, शनिवार

आज टीव्ही नाही. सकाळी पांढऱ्या साड्या नेसून अलिपूर रोडला बाबासाहेबांच्या स्मारकावर गेलो. रांग लांब होती, पण ह्या एका रांगेचा मला कधी कंटाळा येत नाही. आई एका जागी बराच वेळ उभी राहिली. बाबासाहेबांचा शेवट ह्या जागेवर झाला, एवढंच म्हणाली.

परत येताना मेट्रोत मी म्हटलं, "उद्या बघू आपण मीठवालीचा शेवट."

"बघू. घाई काय आहे!" आई म्हणाली.

घाई काय आहे? आठवडाभर जी दर जेवणाला 'काय करेल गं ती' विचारत होती ती ही?

७ डिसेंबर, रविवार

किळस. किळस. किळस!

तीन सीझन त्या म्हाताऱ्या नटीने आपलं हाडन् हाड त्या बाईत घातलं, आणि ह्यांनी शेवटच्या अर्ध्या तासात काय केलं? विकायला लावलं! कशासाठी विकते, काही कारण नाही. मुलगा माफी मागतो, सून पाया पडते, व्हायोलिन सुरू, आणि ती बाई – जी वादळात हलली नाही ती – रडत रडत हसते आणि किल्ली शेजारणीच्या हातात देऊन मुलाच्या गाडीत बसते. वर गाडी अशी दाखवलीय की जाहिरातच. म्हणे, 'तू जिथे, तिथे माझं घर. मी परत येणार नाही.' थू! लिहिणाऱ्याची सायकल स्टँडवर होती बहुतेक.

आता जे झालं ते नीट लिहिते.

पाटी समोर होती. आहे तसं मराठीत सांगितलं असतं तर आई राहिली असती. मीठवाली जाते मुलाकडे, माझी आई प्रभावती राहते लेकीकडे. मला तेच तर हवं होतं! आयतं ताटात वाढून आलेलं. पण असला खोटारडा, चिकट शेवट मी माझ्या तोंडाने आईला सांगणार? आणि तो ऐकून तिने बाबांचं घर विकायचं? ती बाई तशी नाही. माझी आईपण तशी नाही. जांभळीला पाणी घालायची काळजी करणारी बाई आहे ती.

मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "ती म्हणतेय – चार दिवस राहून येते. मिठाकडे लक्ष ठेव."

आई म्हणाली, "आणि किल्ली काहून दिली?"

"झाडांना पाणी घालायला."

"तिच्याकडे झाडं कुठं होती?"

"मागच्या बाजूला आहेत. दाखवली नाहीत."

पुढे पडद्यावर मोठ्या अक्षरांत पाटी आली – दीड वर्षानंतर. मी वाचलं, "चार दिवसांनंतर." पडद्यावर पंचविसाव्या मजल्याच्या बाल्कनीत म्हातारी नातवाला आंबा की काहीतरी भरवतेय. आई म्हणाली, "चार दिवसांत एवढा वाढला पोरगा? आणि थंडी जाऊन एकदम उन्हाळा?"

"तिकडचं हवामान तसंच आहे."

"असं का?" आई म्हणाली. मी मागे वळून बघितलं तर ती पडद्याकडे बघतच नव्हती, माझ्याकडे बघत होती. मी पुन्हा पुढे तोंड केलं आणि शेवटचं वाक्य सांगितलं. म्हातारी पाटीत म्हणत होती, 'इथूनही समुद्र दिसतो.' मी म्हटलं, "ती म्हणतेय, उद्या निघते. मीठ वाट बघत असेल."

नावं वर सरकायला लागली. आईने पाठीची उशी सारखी केली. मग म्हणाली, "चांगला केला शेवट."

तिच्याकडे न बघता मी चहा ठेवायला गेले.

८ डिसेंबर, सोमवार

सकाळी मी डबे भरत असतानाच आईने संघपालला फोन लावला. "घर विकायचं नाही. मी जाते तिकडे, थंडी कमी आहे." तो ओरडत होता ते मला ओट्यापर्यंत ऐकू आलं. "आई, एका टीव्हीतल्या बाईसाठी?"

फोन ठेवून ती मला म्हणाली, "तिनं नाही विकलं बाप्पा, मी काहून विकू?"

मी म्हटलं, "बरोबर आहे." दुसरं काय म्हणणार? ऑफिसला जाताना बसमध्ये सगळा वेळ स्वतःची शिसारी येत होती. शेवट बिघडवणाऱ्यांना रोज शिव्या देते मी. आणि मी काय केलं? पण दर वेळी हाच विचार येतो की पुन्हा ती पाटी आली तरी मी ती तशी वाचणार नाही. आईला तिचं घर मिळालं. मला रडू आलं तर ते माझं मी बघेन.

नीरज भेटला. "मॅडम, क्या सुपर एंडिंग थी ना? मैं तो रो पड़ा." हा रडला! म्हणजे माझी परीक्षा बरोबरच होती.

१३ डिसेंबर, शनिवार

आईला गाडीत बसवून आलो. नागपूरला मावशीकडे दोन दिवस थांबेल, मग अकोला. समाधानने सामान चढवलं, इशिता आजीच्या गळ्यात पडून भोकाड पसरून रडली. प्लॅटफॉर्मवर पायरी-पायरीवर पानाच्या पिचकाऱ्या, माणसांवरून बॅगा ओढत धावणारे लोक. किती गलिच्छ शहर आहे हे! आणि मला त्यातही तिला ठेवून घ्यायचं होतं.

गाडी सुटायच्या जरा आधी आईने खिडकीतून माझा हात धरला. म्हणाली, "काही सांगायचं राहिलंय का?"

मी म्हटलं, "पोचल्यावर फोन कर."

ती थोडा वेळ वाट बघत राहिली. मग म्हणाली, "हाव. करते."

२० डिसेंबर, शनिवार

नवी मालिका लावली. पहिल्याच भागात तीन खून. पाट्या वाचता वाचता मी मराठीत मोठ्याने सांगायला लागले. समाधान आतून आला, "कोणाशी बोलतेस?"

दिवाण रिकामा होता. दोन उश्या अजून तिथेच, तशाच. टीव्ही बंद केला. मला आता कुठल्याच गोष्टीचा शेवट बघायचा नाही.

२१ डिसेंबर, रविवार

इशिताला आज सगळं सांगितलं, की त्या रविवारी मी आजीला शेवट बदलून सांगितला. ती म्हणते, "पता है मम्मी. आजीने तर शुक्रवारीच बघितला होता, माझ्या फोनवर, हिंदीत. तिला वेटच होईना. बघून खूप रडली आणि म्हणाली, आता मीपण इथेच राहते, मामाला सांगते घर वीक म्हणून. मग संडेला तू सगळं चेंज करून सांगितलंस. रात्री मला म्हणाली, तुझ्या मम्मीला मला 'जा' म्हणता येत नाही, म्हणून त्या बाईच्या तोंडून म्हणाली."

उठले आणि आईला फोन लावला. म्हटलं, "आई, त्या दिवशी मी खोटं वाचलं."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "म्हणून तर आले."